एमी बीच यांना दोन वाक्यांत उरकू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील अभिजात पाश्चात्त्य संगीताचा आढावा घेणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. वृत्तपत्रातून अशा विषयाला जागा मिळणे दुर्मीळ झाले आहे, त्यामुळे आनंद झालाच. पण अमेरिकी संगीतकार एमी बीच यांच्याविषयी त्यात जी दोन वाक्ये आहेत, त्यांच्यासंबंधी लिहिल्यावाचून राहवले नाही. पहिल्या वाक्यात त्यांना ‘सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) लिहिणारी पहिली अमेरिकी स्त्री’ म्हटले आहे. दुसऱ्यात असे म्हटले आहे की, लग्नानंतर पतीने त्यांचे संगीत बंद पाडले आणि त्याच्या मृत्यूनंतरच त्यांची प्रतिभा मोकळी झाली. पहिले वाक्य थोड्या दुरुस्तीने खरे ठरते : सिंफनी लिहून ती प्रकाशितही झालेली अशी ती पहिली अमेरिकी स्त्री, असे म्हणणे अधिक अचूक होईल. दुसरे वाक्य मात्र वाचकाला चुकीच्या वाटेला नेणारे आहे. ते लेखकाने मुद्दाम लिहिले असेल असे मला वाटत नाही. ती कथा इतकी सोयीची आहे की अनेक जण ती सांगत आले आहेत.

आधी तारखा पाहू, कारण या प्रकरणात त्याच पुरेशा बोलक्या आहेत. एमी मार्सी चेनी यांचा जन्म 5 सप्टेंबर 1867 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या लहान गावी झाला. 2 डिसेंबर 1885 रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचे लग्न बॉस्टनमधील शल्यविशारद डॉ. हेन्री हॅरिस ऑब्रे बीच यांच्याशी झाले. डॉक्टर त्यांच्याहून 24 वर्षांनी मोठे होते. 1910 च्या उन्हाळ्यात डॉक्टरांचे निधन झाले. या दोन तारखांच्या मधल्या पाव शतकात काय लिहिले गेले? ई फ्लॅट मेजरमधील भव्य मास (ख्रिस्ती प्रार्थनाविधीसाठीची समूहगानाची रचना), ‘गेलिक’ सिंफनी, व्हायोलिन सोनाटा, सी शार्प मायनरमधील पियानो कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), एफ शार्प मायनरमधील पियानो क्विंटेट (पाच वाद्यांची रचना), आणि ज्यांच्यामुळे त्यांचे नाव अमेरिकेतील घराघरांत पोहोचले ती बहुतेक गीते. ज्या रचनांच्या बळावर आज त्यांचे नाव घेतले जाते, त्यांतील बहुसंख्य त्या ‘बंद पाडलेल्या’ काळातल्याच आहेत.

मग बंद काय पडले होते? बंद पडले होते ते व्यासपीठ. लग्नापूर्वी एमी चेनी पियानोवादक म्हणून पुढे येत होत्या. 1883 च्या ऑक्टोबरात त्यांनी बॉस्टनमध्ये मोशेलेसचा जी मायनर कॉन्चेर्तो वाजवून पदार्पण केले आणि 1885 च्या मार्चमध्ये, म्हणजे लग्नाच्या काही महिने आधी, विल्हेल्म गेरिके यांच्या दिग्दर्शनाखाली बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर शोपँचा एफ मायनर कॉन्चेर्तो वाजवला. लग्नानंतर पतीच्या इच्छेनुसार जाहीर वादन वर्षाकाठी मोजक्या मैफलींवर आले आणि त्याचे उत्पन्न धर्मादाय कामाला जाऊ लागले; पियानोच्या शिकवण्या करायच्या नाहीत, हेही ठरले. बॉस्टनच्या प्रतिष्ठित घरातील डॉक्टरच्या पत्नीने पैशासाठी वाजवणे म्हणजे नवऱ्याची कमाई अपुरी असल्याची दवंडी पिटणे, अशी त्या समाजाची समजूत होती. हे बंधन खरे होते, आणि अठरा वर्षांच्या तयार वादिकेला ते जाचले नसेल असे कोण म्हणेल? परंतु त्याच पतीने संगीतरचनेकडे वळण्याचा आग्रह धरला, घरात त्यासाठी वेळ आणि निवांतपणा राखला, आणि पत्नीच्या गीतांसाठी कविता निवडण्यापासून स्वतः कविता लिहून देण्यापर्यंत त्यात रस घेतला. एक दार लावून घेऊन दुसरे उघडणारा हा माणूस होता. त्याला खलनायक ठरवले की गोष्ट सोपी होते, पण एमी बीच यांनी त्या दुसऱ्या दारातून जाऊन जे केले ते दिसेनासे होते.

शिवाय बंधनांची सुरुवात पतीपासून झालेली नाही. मुलगी एक वर्षाची असतानाच चाळीसएक सुरावटी अचूक, आणि दर वेळी त्याच पट्टीत, गात असे, अशी नोंद आहे. आई क्लारा स्वतः गायिका आणि पियानोवादक होती. मुलीची झेप पाहून ती हरखली आणि धास्तावलीही, आणि तिने पियानोला हात लावायला मुलीला मनाई केली. शिक्षा करायची झाली तर आई मायनर पट्टीतले उदास काहीतरी वाजवी, आणि तेवढ्याने मुलगी हळवी होऊन जाई. अखेर चौथ्या वर्षी एका मावशीने तिला पियानोपाशी बसवले. त्याच वयात आजोबांच्या शेतावर सुट्टी घालवून घरी परतल्यावर मुलीने आईला सांगितले की, आपण तीन वॉल्ट्झ तयार केले आहेत. तिथे पियानो नव्हता, हे आईने लक्षात आणून दिले; तेव्हा मुलीने ते डोक्यात रचले असल्याचे सांगून बसून वाजवूनच दाखवले. प्रत्येक पट्टीला तिच्या मनात एक रंग असे : सी पांढरा, ई पिवळा, ए फ्लॅट निळा. अशा आख्यायिका प्रतिभावंतांच्या चरित्रांत नेहमीच सापडतात आणि त्यांच्याकडे थोड्या संशयाने पाहणे बरे. मात्र इथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. वाद्याशिवाय मनात संगीत रचण्याची सवय या बाईला अगदी लहानपणीच लागली होती, आणि पुढे शिक्षकाशिवाय शिकण्याची वेळ आली तेव्हा तीच उपयोगी पडली.

शिक्षकाचा हा मुद्दा आपल्या लेखात मुळीच आलेला नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्या काळी अमेरिकेतील होतकरू संगीतकार जर्मनीला जाऊन शिकून येत. जॉर्ज चॅडविक, होरेशियो पार्कर, एडवर्ड मॅकडॉवेल हे सगळे त्या वाटेने गेले. एमी चेनीलाही युरोपातील संगीतशाळेत पाठवावे, असा सल्ला तिच्या आईवडिलांना मिळाला होता; त्यांनी तिला बॉस्टनमध्येच ठेवले. पियानोसाठी एर्न्स्ट पेराबो आणि नंतर कार्ल बेअरमान हे उत्तम गुरू मिळाले, पण रचनेचे औपचारिक शिक्षण म्हणाल तर जुनियस हिल यांच्याकडे स्वरमेळ आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी गुंफण्याचे तंत्र) यांचे एक वर्ष, एवढेच. 1884 मध्ये घरच्यांनी गेरिके यांना विचारले, तेव्हा त्यांनी मुलीला रचनेसाठी शिक्षक न लावता थोरांच्या कृती स्वतःच अभ्यासायला सांगाव्यात, असे सुचवले. त्याच काळातल्या एखाद्या होतकरू मुलाला त्यांनी हाच सल्ला दिला असता का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. लग्नानंतर पतीचेही मत तेच पडले. शिक्षकाच्या हाताखाली पत्नीची स्वतंत्र वृत्ती हरवेल, अशी त्यांना भीती वाटे.

अशा स्थितीत एमी बीच यांनी जे केले ते वाचून आजही थक्क व्हायला होते. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’मधील फ्यूग (एकच सुरावट अनेक आवाजांत गुंफणाऱ्या रचना) त्यांनी पाठ केले आणि मग स्मरणातून, प्रत्येक आवाज वेगळ्या ओळीवर मांडत, ते कागदावर उतरवून मुळाशी ताडून पाहिले. वाद्यवृंदरचनेवरील बेर्लियोझ आणि गेव्हार्ट यांचे फ्रेंच ग्रंथ त्यांनी स्वतःसाठी इंग्रजीत भाषांतरित केले, कारण ते नीट समजून घेण्याचा तोच मार्ग होता. बॉस्टन सिंफनीच्या मैफलींना त्या नेमाने जात, ऐकलेले मनात धरून घरी येत आणि कोणत्या क्षणी कोणते वाद्य काय करत होते, याचा शोध घेत. घरच्या घरी, कोणाचीही शाबासकी अगर दुरुस्ती न मिळता, अशी वर्षानुवर्षे मेहनत करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या मेहनतीचा दोषही त्यांच्या संगीतात दिसतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाद्यवृंद त्या कधी कधी फार भरगच्च करतात. सगळी वाद्ये एकदम बोलू लागतात आणि मधली रेघ हरवते. हाताशी एखादा अनुभवी शिक्षक असता तर त्याने तिथे पेन्सिलीने फुली मारली असती.

या अभ्यासाचे पहिले मोठे फळ म्हणजे मास. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात सुरू केलेली, सुमारे तीन वर्षे खपून लिहिलेली ही रचना 7 फेब्रुवारी 1892 रोजी बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने सादर केली. त्या जुन्या आणि कडक संस्थेने स्त्रीची रचना गाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षीच्या शिकागो जागतिक प्रदर्शनातील स्त्रियांच्या दालनाच्या उद्घाटनासाठी त्यांच्याकडून ‘फेस्टिव्हल जुबिलाटे’ ही समूहगानाची रचना मागवण्यात आली, आणि ती त्यांनी काही आठवड्यांत पूर्ण करून दिली.

1893 हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे संचालक म्हणून आलेले चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांनी अमेरिकी संगीतकारांना कृष्णवर्णीय जनतेच्या गीतांवर आपले संगीत उभारण्याचा सल्ला दिला, आणि त्यावर वृत्तपत्रांत वाद पेटला. ‘बॉस्टन हेरल्ड’ने अनेक संगीतकारांची मते मागवली, त्यांत एमी बीच यांचेही होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, उत्तरेकडील माणसाच्या कानांवर लहानपणापासून पडलेली गाणी इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश आहेत, तेव्हा त्याच्या संगीतात तीच उमटणार. या उत्तरात बॉस्टनच्या सुखवस्तू वस्तीचे आखूड क्षितिज आहे, हे मी लपवू इच्छित नाही. आयरिश स्थलांतरितांना त्या वस्तीत फारसा मान होता असेही नाही. पण एखाद्या उस्तादाशी मतभेद नोंदवून थांबण्याऐवजी त्यांनी आपला मुद्दा सिंफनी लिहून मांडला, ही बाब मला मोठी वाटते. आयरिश लोकधुनांवर आणि त्यांच्याच एका जुन्या गीतावर बेतलेली ‘गेलिक’ सिंफनी 30 ऑक्टोबर 1896 रोजी एमिल पाऊर यांच्या दिग्दर्शनाखाली बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवली. बाई तेव्हा 29 वर्षांच्या होत्या.

सिंफनी ऐकून चॅडविक यांनी जे पत्र पाठवले त्याचा आशय असा होता की, आता आवडो वा न आवडो, तुम्हाला आम्हा मुलांच्या टोळीत धरावेच लागेल. पत्र मनापासूनचे होते आणि त्यात कौतुकच होते. तरीही टोळी कोणाची आणि प्रवेश देणार कोण, हे त्यातून स्पष्ट दिसते. समीक्षकांचा पवित्राही असाच असे : संगीत जोरकस असले की ते ‘पुरुषी’ ठरे, आणि जोर जास्त झाला की बाई पुरुषी होऊ पाहते आहे म्हणून नाक मुरडले जाई. सुरावट गोड असली तर ती बायकी असल्याचे सांगायला सगळे तयारच होते. आजच्या लेखांतील ‘पहिली अमेरिकी स्त्री’ हे बिरूद मला त्याच जातीचे वाटते. त्यात वाईट हेतू नाही, पण ते दिले की मुख्य प्रश्न, म्हणजे सिंफनी कशी आहे, विचारायचा राहून जातो. मला विचाराल तर तिची दुसरी गती, म्हणजे दुसरा भाग, जिच्यात सुरुवातीची हळुवार धून मध्येच चपळ होऊन खेळू लागते आणि पुन्हा शांत होते, ती कुठल्याही समकालीन सिंफनीशेजारी बिनदिक्कत ठेवावी. शेवटची गती मात्र लांबते.

पियानो कॉन्चेर्तोविषयी थोडे अधिक लिहितो, कारण पतिपत्नींच्या नात्याबद्दल जे काही सांगायचे ते या रचनेत कोणत्याही चरित्रकथेपेक्षा चांगले सांगितलेले आहे. 7 एप्रिल 1900 रोजी बॉस्टनमध्ये ती प्रथम वाजली. दिग्दर्शक गेरिके, आणि पियानोवर स्वतः एमी बीच. म्हणजे वर्षातून मोजक्याच वेळा व्यासपीठावर येण्याची मुभा असलेल्या वादिकेने स्वतःसाठी वाद्यवृंदाशी दोन हात करणारी रचना लिहिली. तिच्या स्कर्त्सोच्या, म्हणजे चपळ, खेळकर गतीच्या, आणि त्यानंतरच्या गतीच्या मुळाशी त्यांची स्वतःचीच दोन गीते आहेत, आणि त्या दोन्ही गीतांचे शब्द डॉ. बीच यांचे आहेत. वाद्यवृंद पतीच्या गीताची धून छेडतो आणि पियानो तिच्याभोवती इतकी न थकता, इतकी झपाट्याने नक्षी विणत जातो की, कोण कोणाला साथ करते आहे हेच कळेनासे होते. चरित्रकार एड्रियन फ्रीड ब्लॉक यांनी या कॉन्चेर्तोकडे आत्मकथन म्हणून पाहिले आहे. संगीतातून चरित्र वाचण्याला मी एरवी नाखूश असतो, परंतु इथे ते मत खोडून काढणे मला जमलेले नाही.

त्यांची गीते हा वेगळा विषय आहे. रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितांवरील तीन गीतांपैकी ‘द इयर्स ॲट द स्प्रिंग’ हे गीत रेल्वेच्या प्रवासात, चाकांच्या ठेक्यावर सुचले, असे त्या सांगत. 1892 सालचे ‘एक्स्टसी’ हे गीत इतके खपले की त्याच्या मानधनाने केप कॉडवरील सेंटरव्हिल येथे जागा घेणे शक्य झाले. बॉस्टनचे प्रकाशक आर्थर श्मिट यांनी त्यांच्या रचना सातत्याने छापल्या. या माणसाचे उपकार मानले पाहिजेत, कारण छापील प्रत नसेल तर पुढच्या पिढीला वाजवायला काहीच उरत नाही. मात्र या छापील प्रतींवर नाव असे ‘मिसेस एच. एच. ए. बीच’. त्यांतले एकही अक्षर त्यांचे स्वतःचे नाही. 1911 मध्ये, पतीपाठोपाठ आईचेही निधन झाल्यावर, त्या युरोपला गेल्या, तेव्हा तिथे त्यांनी ‘एमी बीच’ हे नाव वापरले. 1913 च्या अखेरीस लाइपझिग, हॅम्बर्ग आणि बर्लिन येथे त्यांनी आपला कॉन्चेर्तो वाजवला. 1914 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्या परतल्या आणि पुन्हा जुनेच नाव लावू लागल्या, कारण अमेरिकेतील श्रोत्याला तेच ठाऊक होते. आज आपण त्यांना एमी बीच म्हणतो ते योग्यच आहे, परंतु जुने ग्रंथ किंवा कार्यक्रमपत्रिका चाळणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, नाहीतर अर्धे पुरावे हातचे निसटतात.

आता उत्तरायुष्याकडे येतो, जिथे आपला लेख पूर्णपणे मौन पाळतो. 42 व्या वर्षी पतीचे छत्र हरपलेल्या या बाईने पुढची तीन दशके देशभर दौरे केले, उन्हाळ्यात रचना आणि हिवाळ्यात मैफली असा क्रम ठेवला. ज्या व्यासपीठापासून त्या पंचवीस वर्षे बहुतांशी दूर राहिल्या होत्या ते त्यांनी चाळिशीनंतर परत मिळवले. त्यांची प्रतिभा पतीच्या मृत्यूनंतर मोकळी झाली असे म्हणायचेच असेल तर ते वादनाबद्दल म्हणावे. 1925 मध्ये अमेरिकी स्त्री संगीतकारांची संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथील मॅकडॉवेल कॉलनी या कलावंतांच्या वसाहतीत त्या 1921 पासून येऊ लागल्या. जंगलातल्या एका खोलीत दिवसभर एकट्याने काम करण्याची सोय तिथे होती. पुढे मृत्युपत्राद्वारे आपल्या रचनांचे मानधन त्यांनी त्याच संस्थेला दिले.

या काळातले त्यांचे संगीत जुन्या साच्यात अडकलेले होते, असा समज आहे. त्यांच्या गीतांपुरता तो बऱ्याच अंशी खराही असेल. पण 1929 मध्ये पूर्ण झालेले एका गतीचे स्ट्रिंग क्वार्टेट ऐकावे. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांच्या धुनांवर ते उभे आहे, आणि गेलिक सिंफनीतला भरगच्चपणा त्यात नावालाही नाही : चार वाद्ये, कोरडे, खडबडीत स्वरमेळ, आणि कुठेही गरजेपेक्षा एक सूर अधिक नाही. छत्तीस वर्षांपूर्वी द्वोर्झाकचा सल्ला नाकारणारी संगीतकार या रचनेत परक्या जमातीच्या धुनेपाशी जाऊन बसली आहे. त्या धुना त्यांनी त्या लोकांच्या तोंडून ऐकलेल्या नव्हत्या, छापील संग्रहातून घेतल्या होत्या, ही मर्यादा आहेच. हे क्वार्टेट त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. 1932 मधील त्यांचा एकमेव ऑपेरा, न्यू ऑर्लिन्समध्ये घडणारा ‘काबिल्दो’, तो तर त्यांच्या मृत्यूनंतर, 1945 मध्ये, प्रथम रंगमंचावर आला. 27 डिसेंबर 1944 रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, तोवर अभिरुची इतकी पालटली होती की नव्या पिढीला त्यांचे नाव आजीच्या दिवाणखान्यातील गीतांपुरतेच उरले होते. 1970 च्या दशकापासून वादकांनी जुन्या प्रती शोधून काढून त्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे चित्र बदलू लागले. बॉस्टनमधील हॅच शेल या खुल्या रंगमंचाच्या ग्रॅनाइटवर 86 संगीतकारांची नावे कोरलेली होती, सगळी पुरुषांची. 2000 सालच्या जुलैमध्ये त्यांत सत्त्याऐंशीवे नाव एमी बीच यांचे आले.

आपल्या लेखामुळे ज्या वाचकांचे कुतूहल जागे झाले असेल, त्यांनी सुरुवात सिंफनीपासून करू नये, असे मी सुचवीन. मॅकडॉवेल कॉलनीतील पहिल्याच उन्हाळ्यात, 1921 मध्ये, खोलीबाहेर गाणाऱ्या हर्मिट थ्रश या पक्ष्याचे सूर एमी बीच यांनी कानाने टिपले आणि त्यांवर पियानोसाठी दोन छोट्या रचना केल्या. एक संध्याकाळची, एक सकाळची. छापील प्रतीवर त्यांनी नोंदवले आहे की, पक्ष्याची पट्टी मुळातलीच ठेवली आहे, फक्त सूर एक सप्तक खाली घेतले आहेत. दोन्ही मिळून दहाएक मिनिटांचा अवधी लागतो. संध्याकाळची रचना आधी ऐकावी, कारण तिच्यात पक्षी बऱ्याच उशिरापर्यंत येत नाही.

आपला,
पाश्चात्त्य संगीताचा एक जुना श्रोता